पॅडलसाठी नवे बूट घ्यावेत की घरचेच चालतील?

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या छोट्या कोर्टवर चौघांनी बॅटने खेळायचा, टेनिससारखा खेळ. लातूरचा माझा आतेभाऊ पहिल्यांदा आमच्यासोबत तो खेळायला आला तो सकाळी फिरायला जायचे बूट घालून. गाडीत माझा जुना जोड होता, तो घाल म्हणालो. "उगं कशाला, हे चालतंय की," म्हणाला. तिसऱ्याच गेमला मागच्या काचेवर आपटून आलेला चेंडू घ्यायला तो गर्रकन वळला. अंग वळलं, बूट तिथंच राहिला आणि घोटा मुरगळला. पुढचे तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून दुकानात बसला.

दोन-चार वेळा खेळून गोडी लागली की प्रत्येकापुढे हाच प्रश्न येतो: कपडे, बूट नवे घ्यायचे का? माझं मत आधीच सांगून टाकतो. कपड्यांवर फार पैसे घालू नका, ते बुटांवर घाला. आणि बूट घेताना वरचा रंग बघण्याआधी तळवा उलटा करून बघा.

हा खेळ १९६९ साली मेक्सिकोत अकापुल्कोला सुरू झाला. एनरिके कोर्कुएरा या गृहस्थांनी घरच्या आवारात कोर्ट बांधलं, जागा अपुरी म्हणून चारी बाजूंनी भिंती घातल्या. आजचं कोर्टही लहानच, २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, त्यात चार माणसं. त्यामुळे सरळ धावणं जवळजवळ नाहीच. दोन पावलं पुढे, एक बाजूला, मग पाठ फिरवून काचेकडे, पुन्हा नेटकडे. खाली आखूड कृत्रिम गवत असतं आणि त्यात बारीक वाळू पसरलेली असते. बुटांचं सगळं गणित या वळण्यावर आणि या वाळूवर आहे.

घरात असलेले बूट

फिरायचे किंवा पळायचे बूट नकोतच. त्यांची टाच उंच आणि मऊ, कारण ते सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. बाजूला जोर दिला की पाय त्या फोमवरून कलंडतो. गादीवर उभं राहून कबड्डी खेळावी तसा प्रकार. वरची जाळीही इतकी मऊ असते की आतल्या पायाला बाजूने कोणी धरूनच ठेवत नाही. एकदाच, हौस म्हणून खेळायचं असलं तरी मी हे घालू देणार नाही.

आपल्याकडे आता गावोगावी बॉक्स क्रिकेट आहे, त्यामुळे बऱ्याच पोरांकडे स्टडचे बूट असतात. "टर्फच आहे ना, मग हेच घालतो," असं वाटणं साहजिक. पण ही दोन टर्फं नुसती दिसायला भाऊभाऊ. बॉक्स क्रिकेटचं गवत लांब, त्यात स्टड रुततात. पॅडलचं गवत जेमतेम सेंटिमीटरभर, खाली वाळू दाबलेली. स्टड रुतत नाहीत, माणूस टोकांवर उभा राहतो आणि गालिचा फाटतो तो वेगळाच. कोर्टवाला आत येऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

खरी तुलना सुरू होते ती बॅडमिंटनच्या बुटांपासून. हे बूट मला आवडतात. हलके, जमिनीलगत, बाजूच्या हालचालीला पक्के. टाच बसकी, त्यामुळे घोटा सहसा दगा देत नाही. पण त्यांचा गम रबराचा तळवा लाकडी किंवा गुळगुळीत मॅटवर पकडण्यासाठी असतो. त्याच्या उथळ खाचांत वाळू भरली की तळवा सपाट होतो आणि पाय घसरायला लागतो. शिवाय वाळू म्हणजे एका अर्थी पॉलिश पेपरच. हॉलमध्ये दोन वर्षं टिकणारा जोड इथे काही महिन्यांत अंगठ्याखाली घासून जातो. म्हणून महिन्यातून एक-दोनदाच खेळत असाल आणि कोर्टवर वाळू कमी असेल, तर घरचे बॅडमिंटनचे बूट खुशाल वापरा. पॅडलसाठी म्हणून मात्र ते नवे विकत घेऊ नका.

टेनिसचे की खास पॅडलचे?

टेनिसचे बूट दुकानात मागताना एक प्रश्न नक्की विचारा: हार्ड कोर्टचे, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टचे, की क्लेचे? क्लेच्या, म्हणजे मातीच्या कोर्टच्या बुटाचा तळवा पूर्ण नागमोडी खाचांचा असतो. त्याला हेरिंगबोन म्हणतात, माशाच्या काट्यासारखी नक्षी. खाचा खोल आणि टोकापासून टाचेपर्यंत मोकळ्या, त्यामुळे वाळू अडकून न राहता पडून जाते. पॅडलच्या कित्येक बुटांना हाच तळवा असतो. म्हणजे क्लेचा बूट आणि पॅडलचा बूट यांच्यात कोर्टवर फारसा फरक जाणवत नाही. हार्ड कोर्टचा बूट टिकाऊ खरा, पण जड, आणि खाचा उथळ. टेनिसही खेळत असाल तर तो एकच जोड दोन्हीकडे भागवेल. नाहीतर मुद्दाम घेण्यात अर्थ नाही.

खास पॅडलच्या बुटांत तळव्याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पूर्ण हेरिंगबोन, बारीक ठिपक्यांचा ओम्नी, आणि दोन्हींचं मिश्रण. जास्त वाळूच्या कोर्टवर हेरिंगबोन. वाळू कमी असलेल्या नव्या कोर्टवर ओम्नी बरा, कारण त्यावर पाय फिरवायला मोकळीक मिळते. हेरिंगबोन तिथे जरा जास्तच धरून ठेवतो, आणि वळताना पाय अडकला की भार गुडघ्यावर येतो. कुठे कसं कोर्ट मिळेल याची खात्री नसेल तर मिश्र तळवा घ्या. आपलं कोर्ट कसं आहे ते कळायला खेळायचीही गरज नाही. तळहात गवतावरून फिरवा. वाळू बोटांना खरखरली आणि कोपऱ्यांत तिचे ढिगारे दिसले की वाळू जास्त आहे असं समजायचं. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये वाऱ्याने येणारी धूळ त्यात भर घालते, त्यामुळे मराठवाड्यातल्या उघड्या कोर्टसाठी माझा कौल सहसा हेरिंगबोनलाच.

पॅडलच्या बुटात आणखी एक गोष्ट जास्तीची मिळते. अंगठ्याजवळ आणि बाजूला मजबुती, कारण खाली वाकून चेंडू घेताना मागच्या पायाचा पुढचा भाग घासत येतो. ॲसिक्स, बाबोला, बुलपॅडल, हेड, डिकॅथलॉनचा कुइकमा, सगळ्यांचे जोड ऑनलाइन मिळतात. पण पहिला जोड ऑनलाइन घेऊ नये असं मला वाटतं. अनवाणी आणि चपलेत वाढलेले आपले पाय पंजाला रुंद असतात, आणि युरोपियन मापं बहुधा अरुंद निघतात. शहरात गेलात की संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालणार तेच जाड मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. नसेल तर एकदम थांबताना नख पुढे आपटतं आणि काळं पडतं. माझी दोन गेली.

ऑफिसचे पातळ मोजे नकोत, हे वेगळं सांगायला नको.

कपडे: सुती की पॉलिस्टर?

कापसाच्या मुलुखात राहून सुती कपड्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं. नांदेडच्या संशोधन केंद्राने एनएचएच-४४ सारखं कापसाचं वाण दिलेला हा प्रदेश. पण आकडे बघा: नेहमीच्या हवेत कोरडा कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो, पाठीला चिकटतो आणि डोक्यावरून बॅट फिरवताना खांदा ओढतो.

तरी उन्हाळ्यात मी सुतीला पूर्ण नापास करणार नाही. आपला एप्रिल-मे कोरडा. ४० अंशांच्या पुढे पारा गेला तरी हवेत दमटपणा नसतो, घाम लगेच उडतो, आणि ओलसर सुती कापड अंगाला गार लागतं. तासभर हलकंफुलकं खेळायचं तर सुती चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ते सकाळपर्यंतही वाळत नाही.

पॉलिस्टरच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा खेळाचा नाहीच, पाण्याचा आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला पाणी रोज येत नाही अशा घरात अर्ध्या बादलीत खळबळून दोरीवर टाकला की तासाभरात वाळणारा टी-शर्ट सोयीचा. दोन घ्या, आलटून पालटून वापरा. साधे, लोकल कंपनीचेही चालतात. फक्त घामट न ठेवता लगेच धुवा, पॉलिस्टरला वास धरायची वाईट खोड आहे. सॉफ्टनर अजिबात नको, त्याने कापडाची घाम पसरवायची ताकद जाते.

चड्डी घेताना खिसा बघा. सर्व्हिस करताना दुसरा चेंडू कुठे तरी ठेवावा लागतो, आणि साडेसहा सेंटिमीटरचा चेंडू उथळ खिशातून पहिल्याच उडीला बाहेर येतो. बर्म्युडा सैल आणि गुडघ्याखाली गेला की वाकताना अडतो. ट्रॅकपँट हिवाळ्यात उत्तम, पण खिशाला चेन हवी. माझी बायको लेगिंग आणि लांब टी-शर्टवर खेळते, तिच्या मैत्रिणी स्कर्टच्या आत चड्डी जोडलेला स्कॉर्ट घालतात. तिचं म्हणणं असं की दोन्ही ठीक, मांडीवर चेंडूचा खिसा असला म्हणजे झालं. आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर वाचवू नयेत. ओढणी आणि सैल कुर्ता मात्र कोर्टबाहेर, कडेच्या तारेच्या जाळीत अडकतात.

टोपीबद्दल दोन मतं आहेत. दिवसा ऊन असलं की हवीच, पण पॅडलमध्ये उंच लॉब, म्हणजे डोक्यावरून उडवलेला चेंडू, फार, आणि तो बघायला मान वर केली की टोपीचा पुढचा भाग नेमका चेंडूवर येतो. मी लहान पुढ्याची घालतो. मे महिन्यात दुपारी खेळायचा मोह तर कुठल्याच कपड्याने झाकला जात नाही. काचेमुळे वारा आत येत नाही आणि कृत्रिम गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, पातळ तळव्यातून चटका लागतो. सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर.

पावसाळ्यात बूट घालून घरून निघू नका. आपली काळी माती एकदा हेरिंगबोनच्या खाचांत बसली की वाळून दगड होते. चपलेवर जा, बूट पिशवीत न्या, तिथे घाला. वाळू झटकायला बुटांवर बॅट आपटू नका, कार्बनच्या बॅटची कड तडकते. बूट एकमेकांवर आपटा आणि घरी जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा. अंगठ्याखालची नक्षी गुळगुळीत झाली की वरून कितीही नवा दिसला तरी तो जोड कोर्टवरून काढून टाका. माझा पहिला जोड आता दूध आणायला जातो.