फळी बदलली म्हणे!

आमची फायबरची बोट जुनी, अलिबागकडून सेकंडहँड आणलेली. नाशिकजवळच्या धरणात जाळी टाकायला वापरतो. उन्हाळ्यात मागच्या फळीला, जिच्यावर मशीन म्हणजे बोटीचं इंजिन बसतं तिला, कोपऱ्यात तडा दिसला. रेस दिली की मशीन मान डोलवायचं. बाहेरून-आतून फायबर आणि मधे प्लाय. बोल्टांच्या भोकांतून पाणी एकदा शिरलं की ते प्लाय आतल्या आत कुजत जातं.

नाशकात बोटीचा कारागीर शोधून सापडत नाही. अंबडला फायबरच्या टाक्या करणारा एक जण म्हणाला, "दादा, हातचा मळ आहे." १८,००० ठरले, १२,००० आगाऊ. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेल्या मरीन प्लायचा फोटो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोटो प्लायचा होता, माझ्या बोटीत बसवलेल्या प्लायचा नव्हता, हे कळायला मला चार महिने लागले. "रेझिनचा वास फार, येऊ नका," म्हणाला. रेझिन म्हणजे फायबर चिकटवायचं रसायन. मीही शहाणा, गेलो नाही. बोट हातात आली ती जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत रंगीत थर, मारून पांढरीशुभ्र.

दिवाळीआधी पुन्हा तेच डोलणं. एकदा मशीन खालीच जायचं, साखळीनं बांधलेलं म्हणून वाचलं. फळीवर हातोडीनं टकटक केलं: वर टणटण, खाली भद्द. आतून सहा मिलिमीटरचं भोक पाडलं तर ड्रिलच्या बिटाला चहाच्या चोथ्यासारखा काळा भुसा, चिमटीत पिळला तर पाणी. मग कापूनच काढलं. वरची वीतभर पट्टी तेवढी नवी, तीही साध्या कमर्शियल प्लायची. खाली जुनंच कुजकं लाकूड, त्यावर गाड्यांच्या डेंटिंगची पुट्टी आणि मॅटचा (फायबरच्या धाग्यांच्या चटईचा) एकच थर. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. तो थर नखानं पापडासारखा सुटला.

असं काम देणार असाल तर दोनदा तरी समोर उभे राहा: जुनं सगळं खरवडून झाल्यावर, आणि नवी फळी क्लँप लावून चिकटवताना. प्लायच्या कडा आणि बोल्टांची भोकं रेझिननं बंद करतो का, तेही बघा. आणि पक्कं बिल घ्या. माझ्याकडे वहीच्या पानावरची चिठ्ठी आहे, तिच्यावर "बोट काम" एवढंच लिहिलंय. ग्राहक आयोगापुढे ती काय दाखवू?

फोन केला तर म्हणतो, "पाण्यातच ठेवता म्हटल्यावर लाकूड कुजणारच ना, दादा."