मुलाच्या प्रकरणाची कागदपत्रे कोठून मागावीत: पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती, विशेष न्यायालय की माहिती अधिकार?

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवून काही आठवडे उलटले की पालकांना कागदपत्रांची गरज भासू लागते. मुलाने दिलेला जबाब नेमका कसा लिहून घेतला गेला, वैद्यकीय अहवालात काय नोंदले आहे, बाल कल्याण समितीसमोर कोणता अहवाल गेला, हे त्यांना समजून घ्यायचे असते. कधी नुकसानभरपाईच्या अर्जासाठी तर कधी नव्याने नेमलेल्या वकिलांना प्रकरण समजावे म्हणून प्रती हव्या असतात. चौकशीला गेले की ‘हे गोपनीय आहे’ असे उत्तर मिळते आणि बहुतेक पालक तेथूनच परततात. वास्तविक तेथे विचारायला हवे ते एवढेच की ही गोपनीयता कोणापासून आहे.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा, २०१२ याच्या कलम २३ ने माध्यमांना मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे, कलम २४ ने ती जपण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे आणि कलम ३३(७) ने तपास व खटला चालू असताना ती उघड होऊ न देण्याचे कर्तव्य विशेष न्यायालयाला दिले आहे. येथे ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. कुटुंब, शाळा, नातेवाईक, परिसर, म्हणजे ज्यावरून मूल ओळखू येईल असे सर्व काही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात पोक्सोचे प्रथम खबर अहवाल सार्वजनिक करू नयेत आणि पीडिताचे नाव असलेली कागदपत्रे शक्यतो सीलबंद लिफाफ्यात ठेवावीत, असे निर्देश दिले. या सर्व तरतुदी मुलाला जगाच्या नजरेपासून वाचवण्यासाठी आहेत. खुद्द मुलाला किंवा त्याच्या हितासाठी उभ्या असलेल्या पालकाला अंधारात ठेवावे, असे त्यांपैकी एकीतही म्हटलेले नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ९९(२) तर स्पष्टपणे सांगते की पीडिताला आपल्या प्रकरणाचा अभिलेख, आदेश आणि संबंधित कागदपत्रे पाहण्यास नकार देता येणार नाही. हे कलम अनेक कार्यालयांत कोणाच्या लक्षात नसते; म्हणून अर्जात ते क्रमांकासह लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मागणी करण्याचे चार मार्ग आहेत, परंतु ते एकमेकांना पर्याय नाहीत. प्रत्येक ठिकाणी मिळणारा कागद वेगळा आहे आणि तो मिळण्याची वेळही वेगळी आहे.

पोलीस ठाणे: लवकर मिळते, पण थोडेच

प्रथम खबर अहवालाची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती पीडितालाही मिळते. ही प्रत गुन्हा नोंदवला त्याच दिवशी हातात घ्यावी. संकेतस्थळावर ती सापडणार नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सर्व प्रथम खबर अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश देताना पोक्सोचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. याखेरीज तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. पोक्सो नियम, २०२० नुसार अटक, जामीन, दोषारोपपत्र आणि सुनावणीच्या तारखा यांची माहितीही कुटुंबाला द्यायची असते.

याच्या पुढे मात्र पोलीस ठाण्याची मर्यादा सुरू होते. साक्षीदारांचे जबाब, पंचनामे आणि केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) तपास चालू असताना मागून मिळत नाहीत, आणि केस डायरी तर पुढेही सहसा हाती येत नाही. मुलाने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब, जो पूर्वी ‘१६४ चा जबाब’ म्हणून ओळखला जाई आणि आता नव्या संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवला जातो, दोषारोपपत्र दाखल होऊन न्यायालयाने योग्य तो आदेश करेपर्यंत कोणालाही देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पालकांना हे कठोर वाटते, पण यामागचे कारण मला पटते. तो जबाब बाहेर फिरू लागला तर आरोपीच्या बाजूची माणसे त्यातील प्रत्येक ओळीवर मुलाला आणि साक्षीदारांना वळवू पाहतील, शिवाय घरातल्या मोठ्यांनी तो वाचून मुलाशी चर्चा केली तर उलटतपासणीत ‘मुलाला शिकवले आहे’ असा आरोप करायला जागा मिळेल.

वैद्यकीय कागदांचे तसे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी आणि उपचार यांच्या सर्व कागदांची प्रत पीडिताला विनामूल्य देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ती तपासणीच्या दिवशीच मागावी, कारण नंतर रुग्णालय पोलिसांकडे बोट दाखवते आणि पोलीस न्यायालयाकडे.

बाल कल्याण समिती: मुलाच्या संगोपनाविषयीचे कागद

पोक्सोच्या कलम १९(६) नुसार पोलिसांनी चोवीस तासांच्या आत गुन्ह्याची माहिती बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते. मूल घरात सुरक्षित आहे का, त्याला बालगृहात ठेवावे का, तपासात व खटल्यात मुलाला साथ देणारी साहाय्यक व्यक्ती नेमावी का, हे समिती ठरवते. त्यामुळे सामाजिक तपासणी अहवाल, समुपदेशनाविषयीचे कागद आणि मुलाच्या ताब्याविषयीचे आदेश हे सर्व समितीच्या दप्तरात असते.

येथे अर्ज कोणाच्या नावाने करता, याला फार महत्त्व आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९९(१) नुसार समितीसमोरचे सर्व अहवाल गोपनीय आहेत; समितीला योग्य वाटल्यास ती त्यांचा सारांश मुलाला किंवा पालकांना कळवू शकते. म्हणजे पालक म्हणून स्वतःच्या नावाने मागणी केली तर निर्णय समितीच्या इच्छेवर राहतो आणि मिळालाच तर सारांश मिळतो. कलम ९९(२) खालचा हक्क मात्र पीडिताचा आहे, आणि त्यात अभिलेख, आदेश व कागदपत्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून अर्ज मुलाच्या वतीने, त्याचे नैसर्गिक पालक म्हणून करावा आणि कागद कशासाठी हवे आहेत हे दोन वाक्यांत सांगावे. पुढे मूल सज्ञान झाल्यावर आपल्या प्रकरणाचे कागद ते स्वतः याच कलमाखाली मागू शकते.

साहाय्यक व्यक्ती नेमली असेल तर तिचाही उपयोग होतो. ती मुलाविषयीच्या माहितीबाबत गोपनीयतेने बांधलेली असते, पण खटल्याची प्रगती कुटुंबाला सांगत राहणे हे तिचे कर्तव्यच आहे. ज्या घरात न्यायालयीन भाषेची कोणालाच सवय नाही, त्यांना प्रतींच्या गठ्ठ्यापेक्षा असे समजावून सांगणारे माणूस अधिक उपयोगी पडते.

विशेष न्यायालय: उशिरा, पण जवळजवळ सर्व

पूर्ण अभिलेख हवा असेल तर खरा मार्ग हाच आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आरोपीला ज्या कागदपत्रांच्या प्रती मिळतात, त्याच मुलाला आणि त्याच्या पालकांना किंवा प्रतिनिधीला द्याव्यात, असे पोक्सोचे कलम २५(२) सांगते. नव्या संहितेच्या कलम २३० नेही आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत पीडिताला प्रती देण्याची तरतूद केली आहे, पण तेथे ‘वकिलामार्फत प्रतिनिधित्व असल्यास’ अशी अट आहे. पोक्सोच्या कलमात ती अट नाही. वकील नसलेल्या पालकाला परत पाठवले जात असेल तर त्याने हा फरक दाखवून द्यावा. तरीही वकील असणेच बरे, आणि खर्चाची भीती वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महाराष्ट्रात अत्याचार पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तेथेच होत असल्यामुळे ही दोन्ही कामे एका फेरीत होऊ शकतात.

पोलिसांनी दोषारोपपत्राऐवजी ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली तर फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवून दिले आहे. अशा वेळी अहवाल आणि सोबतचे जबाब पाहिल्याशिवाय हरकत घेता येत नाही. म्हणून हरकतीचा अर्ज घाईने लिहिण्याआधी प्रतींसाठी अर्ज द्यावा आणि त्या मिळेपर्यंत मुदत मागावी.

या मार्गाने जाताना पालकांनी एक गोष्ट आधीच मनाशी ठेवावी: हेच कागद आरोपीकडेही जातात. मुलाचा जबाब त्याच्या वकिलांच्या टेबलावर असणार, हे न्याय्य खटल्यासाठी टाळता येत नाही. चित्रफितींबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात आरोपीला प्रत न देता केवळ पाहण्याची मुभा दिली, ती पीडितेच्या खासगीपणाचा विचार करून. आपल्या प्रकरणात मोबाइल, मेमरी कार्ड किंवा चित्रफीत जप्त झाली असेल तर विशेष सरकारी वकिलांना हा निकाल दाखवून तशीच मागणी लवकर करावी. एकदा प्रत बाहेर गेली की ती परत आणण्याचा उपाय कोणाकडेच नाही.

माहिती अधिकार: सर्वाधिक परिचित, येथे सर्वात कमी उपयोगी

आपल्याकडे कागद अडला की माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, ही सवय चांगली आहे. मुलाच्या प्रकरणात मात्र पहिला अर्ज येथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपास चालू असेल तर २००५ च्या कायद्याचे कलम ८(१)(ह) आडवे येते. केवळ तपास चालू आहे म्हणून नकार देता येत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे; पण ते सिद्ध करून घेण्यासाठी पालकाला प्रथम अपील आणि मग द्वितीय अपील करत बसावे लागते. वैयक्तिक माहितीविषयीची सूट डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने केलेल्या दुरुस्तीने आणखी व्यापक झाली असून ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मिळवाव्यात, माहिती अधिकारातून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले आहे.

आणखी एक अडचण मला अधिक गंभीर वाटते. माहिती अधिकाराचा अर्ज आवक नोंदवहीतून आणि अनेक टेबलांवरून जातो, अपिलात तो पुन्हा नव्या हातांत पडतो, आणि त्यावर मुलाचे नाव लिहिलेले असेल तर आपणच ते पसरवलेले असते. अर्ज करायचाच असेल तर पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष एवढेच लिहावे.

या मार्गाचा उपयोग यंत्रणेने काय केले हे तपासण्यासाठी होतो. चोवीस तासांत समितीला कळवले का, ते पत्र कोणत्या तारखेला रवाना झाले, समितीतील किती पदे रिक्त आहेत, अधिकाऱ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, हे प्रश्न महाराष्ट्रातील दीडशे शब्दांच्या मर्यादेत नीट बसतात, दहा रुपये शुल्कात विचारता येतात आणि त्यांचे उत्तर देताना मुलाची ओळख उघड होत नाही. पत्रकार आणि कार्यकर्ते यांच्यासाठी तर हाच योग्य मार्ग आहे. त्यांनी एखाद्या मुलाचा अभिलेख कोणत्याही मार्गाने मागू नये.

पालकांमध्येच वाद असेल तर

सर्वात अवघड प्रसंग येथे येतो. एका पालकावर आरोप आहे, किंवा घटस्फोट आणि मुलाच्या ताब्याचा दावा कुटुंब न्यायालयात चालू आहे, आणि एका बाजूला समितीचे अहवाल पुरावा म्हणून हवे आहेत. आरोपी असलेल्या पालकाला समितीने अहवाल नाकारला तर तो नकार मला योग्यच वाटतो. त्याला जे मिळायचे ते आरोपी म्हणून, खटल्याच्या न्यायालयातून मिळेल. दुसऱ्या पालकानेही आपल्याकडच्या प्रती थेट दाव्याला जोडू नयेत. त्याऐवजी कुटुंब न्यायालयाला अर्ज करून अभिलेख समितीकडून किंवा विशेष न्यायालयाकडून सीलबंद लिफाफ्यात मागवून घेण्याची विनंती करावी. यात काही तारखा जातात, पण मुलाचा जबाब नातेवाइकांच्या भांडणात हातोहात फिरत नाही.

मिळालेल्या प्रतींनाही हेच लागू आहे. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ वृत्तपत्रांबरोबरच संपर्काच्या अन्य माध्यमांनाही लागू आहे आणि त्याच्या उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. न्याय मिळावा या तळमळीने सोसायटीच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहात प्रथम खबर अहवालाचा फोटो टाकणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. वकिलांना प्रती छापील स्वरूपात, लिफाफ्यातून द्याव्यात, आणि शाळेने चौकशीसाठी कागद मागितले तर प्रत न देता गुन्हा रजिस्टर क्रमांक कळवून पुढची विचारणा पोलिसांकडे करण्यास सांगावे.