पाच डॉलरांत टँपा: १९१४ च्या एअरबोट सेवेचे परीक्षण

कोणतीही प्रवासी सेवा जोखताना त्याच वाटेवर दुसरी कोणती साधने होती, हे आधी पाहावे लागते. १९१४ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गहून टँपाला आगबोटीने सुमारे दोन तास लागत. उपसागराला वळसा घालून जाणाऱ्या रेल्वेने तर निदान चार तास मोडत. ‘सेंट पीटर्सबर्ग–टँपा एअरबोट लाइन’ची पहिली उडती नौका, म्हणजे पाण्यावरून उडणारे व पाण्यावरच उतरणारे विमान, १ जानेवारीला २३ मिनिटांत पलीकडे पोहोचली. वेळापत्रकानुसार चालणारी ही जगातील पहिली विमानसेवा मानली जाते.

तिकीट होते ५ डॉलर. पहिल्या फेरीच्या आसनाचा मात्र लिलाव झाला आणि शहराच्या माजी महापौरांनी त्यासाठी ४०० डॉलर मोजले. हौसेला मोल नसते, हे तिथेही खरेच. बेनॉइस्ट-१४ या लाकडी नौकेत वैमानिक टोनी जॅनस यांच्या शेजारी, उघड्यावर, एकाच बाकावर बसायचे. सामानासह प्रवाशाचे वजन २०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ९० किलोंहून, अधिक भरले तर वेगळे पैसे द्यावे लागत. वारा, पाण्याचे तुषार आणि ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज हे सारे तिकिटातच आले. सोयीच्या बाबतीत ही सेवा उणीच म्हणावी लागेल.

तरीही मला पैसे वसूल वाटतात, आणि त्याचे कारण वेगापेक्षा मार्गाच्या निवडीत आहे. नौका पाण्यालगतच उडत असल्याने खालचा शांत उपसागर हीच तिची सलग धावपट्टी होती. इंजिन कुरकुरले की पाण्यावर टेकायचे, दुरुस्ती करायची आणि पुन्हा निघायचे. सुमारे चार महिन्यांत बाराशेच्या आसपास प्रवाशांनी ही सेवा वापरली. हिशेब मात्र केवळ तिकिटांवर जुळत नव्हता, स्थानिक व्यापाऱ्यांच्या अर्थसाहाय्याचा त्याला टेकू होता. तो सरला, हिवाळी पर्यटकही परतले आणि मे महिन्यात सेवा थांबली.

पुढे १९२० च्या दशकात एअरोमरीन कंपनीने नौदलाच्या जुन्या उडत्या नौकांना बंदिस्त केबिन बसवून फ्लोरिडातील ‘की वेस्ट’ ते क्यूबातील हवाना हा मार्ग चालवला. आरामात ती सेवा कितीतरी सरस होती, पण तिथे खाली उपसागर नसून खुला समुद्र होता: जानेवारी १९२३ मध्ये तिची ‘कोलंबस’ नावाची नौका इंजिन बिघडून पाण्यावर उतरली खरी, परंतु लाटांपुढे टिकली नाही आणि काही प्रवासी बुडाले.