आयपीएक्सई: नेटवर्क बूट अडल्यावर उपयोगी पडणारे साधन

डिस्क नसलेला संगणक नेटवर्कवरून सुरू होत नाही तेव्हा नेटवर्क कार्डातील मूळ पीएक्सई प्रणाली (नेटवर्कवरून संगणक सुरू करणारी सोय) ‘ई-५३: बूट फाइलचे नाव मिळाले नाही’ यासारखा त्रोटक संकेत देऊन थांबते, आणि ते का मिळाले नाही हे आपल्यालाच शोधावे लागते. त्याच पीएक्सईचे काम अधिक सोयींसह करणाऱ्या आयपीएक्सई या मुक्त सॉफ्टवेअरचे मोल येथे कळते. सुरुवातीलाच कंट्रोल व बी या कळा दाबल्यास कमांड लाइन उघडते आणि संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारे यंत्र), फाइलचे नाव हे सारे एकेक करून तपासता येते. मूळच्या ५१२ बाइटच्या तुकड्यांनी फाइल आणणाऱ्या टीएफटीपी या साध्या पद्धतीऐवजी वेबसाठी वापरली जाणारी एचटीटीपी वापरता येत असल्याने मोठी इमेजही (संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीची फाइल) लवकर उतरते.

नवख्याला मात्र एक खाच हमखास अडवते. मूळ पीएक्सईकरवी आयपीएक्सईची फाइल उतरवून ते सुरू केले, की तेही बूट फाइलचे नाव विचारते; ही विनंती आयपीएक्सईकडूनच आली आहे हे ओळखण्याचा नियम डीएचसीपी सर्व्हरवर (संगणकांना पत्ता व बूट फाइलचे नाव देणाऱ्या सर्व्हरवर) लिहिलेला नसेल, तर तो पुन्हा आयपीएक्सईचीच फाइल पाठवतो आणि संगणक त्याच फेऱ्यात फिरत राहतो. (माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.) स्विचवरील स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये वर्तुळाकार जोडणी होऊ न देणाऱ्या व्यवस्थेमुळे) पोर्ट सुमारे ३० सेकंद रोखला जातो आणि बूट अडते, तो दोष या साधनाचा नव्हे; तो पोर्ट एज पोर्ट (ज्याला दुसरा स्विच नव्हे, तर थेट संगणक जोडलेला असतो असा पोर्ट) म्हणून नोंदवावा.