गुगल स्कॉलर, एन-लिस्ट की शोधगंगा? संदर्भ लेख कुठे शोधायचे

गुळाची बाजारपेठ, कोल्हापुरी चप्पल, सहकारी साखर कारखाने, शाहू महाराजांचा १९०२चा आरक्षणाचा हुकूम. असा विषय घेऊन एम.ए.चा प्रकल्प करायला बसलेल्याला आधी ठरवावं लागतं की लेख शोधायचे कुठे. माझं मत स्पष्ट आहे: शोधाची सुरुवात गुगल स्कॉलर या गुगलच्या संशोधन लेख शोधणाऱ्या संकेतस्थळावर करा, लेख मिळवा ग्रंथालयाच्या खात्यातून, आणि विषय इथल्या मातीतला असेल तर शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह चुकवू नका.

गुगल स्कॉलर फुकट आहे, खातंही लागत नाही. त्याची खरी ताकद 'साइटेड बाय'मध्ये आहे. एक चांगला जुना लेख सापडला की तिथे क्लिक करून त्याच्यानंतर कोणी काय लिहिलं ते सगळं उलगडत जातं. पण निवड करून द्यायचं काम तो करत नाही. नावाजलेल्या नियतकालिकातला लेख आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकातला लेख शेजारी शेजारी दिसतात. शिवाय बऱ्याच लेखांचा फक्त सारांश वाचायला मिळतो, पुढे प्रकाशक डॉलरमध्ये पैसे मागतो. ते भरू नका.

इथे कॉलेजचं ग्रंथालय कामाला येतं. एन-लिस्ट ही कॉलेजांना नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची योजना. कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपाल तुमचं खातं उघडून देतात आणि मग घरी बसूनही वाचता येतं. नुसतं अर्थशास्त्र, अशी विषयाची चाळणी लावता येते, हा स्कॉलरपेक्षा मोठा फायदा. मात्र शोधपेटीत अख्खं वाक्य टाकलं की हाती काही लागत नाही. दोन-तीन नेमके इंग्रजी शब्द टाका, जोडशब्द अवतरणचिन्हांत ठेवा. 'कोल्हापूर' टाकून चारच लेख आले तर 'वेस्टर्न महाराष्ट्र' टाकून बघा, कारखान्यांवरचं बरंच लेखन त्या नावाखाली सापडतं.

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची योजनाही सुरू झाली आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे ग्रंथपालांनाच विचारा.

शोधगंगेवर लेख नाहीत, पीएच.डी.चे प्रबंध आहेत, तेही प्रकरणवार पीडीएफमध्ये आणि फुकट. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध तिथे आहेत, मराठीतलेही. त्यांचं संदर्भसूचीचं प्रकरण आधी उघडा. इथल्या विषयावर आधी कोणी काय वाचलं, याची तयार यादी मिळते. एवढ्यासाठीच मी हा पर्याय इतका आग्रहाने सांगतो.

या तिन्हींकडे हवा तो लेख मिळालाच नाही, तर लेखकाला साधा ईमेल करा. सारांशाच्या पानावर बहुधा पत्ता असतो, आणि पुष्कळ प्राध्यापक आनंदाने प्रत पाठवतात.