‘९० लिटर, १००० डेनिअर’: डफल बॅगेच्या खरेदीत झालेली फसवणूक

प्रस्तरारोहणाचं साहित्य न्यायला आमच्या गटाने ऑनलाइन मागवलेल्या डफल बॅगांच्या (लांबट, नळकांड्यासारख्या बॅगा) वर्णनात चार दावे होते: ९० लिटर, १००० डेनिअर, वॉटरप्रूफ आणि ‘एक्स्पिडिशन ग्रेड’. पहिले तीन खोटे निघाले. चौथ्याला अर्थच नाही, कारण अशी कुठलीही प्रमाणित प्रत अस्तित्वात नाही. बॅगेची ठेवण एका नामांकित परदेशी बॅगेची हुबेहूब नक्कल होती आणि किंमत अस्सल मालाच्या फार तर पाचव्या हिश्श्याची. विक्रेत्याचं नाव देऊन उपयोग नाही. तोच माल दर महिन्याला वेगळ्या नावाने विकायला येतो, तेव्हा माल ओळखता आला पाहिजे.

आधी लिटर. बॅगेत पांघरुणं गच्च कोंबून चेन लावा आणि शिंप्याच्या टेपने घेर व लांबी मोजा. घेराला ६.२८ ने भागलं की त्रिज्या मिळते. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, भागिले १०००, म्हणजे लिटर. ७० सेंमी लांब आणि ४० सेंमी व्यासाची बॅग ८८ लिटरची होते. हातात आलेली बॅग ६० सेंमी लांब, घेर १०४ सेंमी, म्हणजे जेमतेम ५२ लिटर. वर्णनातल्या फोटोत शेजारी माणूस नव्हता, त्यामुळे आकाराचा अंदाज येत नव्हता. ५० लिटरमध्ये ६० मीटरचे दोन दोर, चार हेल्मेट आणि हार्नेस घातले की चेन ताणून लावावी लागते, आणि ताणून लावलेली चेनच सगळ्यात आधी जाते.

डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हा आकडा फक्त धाग्याची जाडी सांगतो. वीण किती घट्ट आणि वरचा थर किती जाड, याबद्दल काहीच सांगत नाही. फसवणुकीला इथेच वाव मिळतो. घरबसल्या धागा मोजता येत नाही, पण बॅगेचं वजन करता येतं. ताडपत्रीसारख्या जाड पीव्हीसी कापडाची ९०-९५ लिटरची चांगली बॅग साधारण दीड किलो किंवा त्याहून जड भरते. आलेली बॅग ८५० ग्रॅमची होती. नायलॉनच्या चांगल्या बॅगाही हलक्या असतात, पण त्या हलक्या म्हणूनच आणि महाग विकल्या जातात. ताडपत्रीची आणि वर हलकी, हे एकत्र जमत नाही. नंतर बॅग उलटी करून एक कोपरा वीस-पंचवीस वेळा दुमडून बघा. पांढऱ्या रेघा उमटल्या किंवा थर नखाने सुटला, तर तो नुसता चिकटवलेला पापुद्रा आहे.

चेनच्या रनरवर मोठ्या जपानी कंपनीची अक्षरं होती. अक्षरं कुणीही कोरू शकतं, म्हणून पट्टी घ्या आणि बंद चेनच्या दातांची रुंदी मोजा. डफलला १० नंबरची चेन लागते, तिचे दात साधारण १० मिमी भरतात. इथे ५-६ मिमी भरले, म्हणजे पाठीवरच्या साध्या सॅकची ५ नंबरची चेन. भरल्या बॅगेत अशा चेनच्या रनरचे जबडे फाकतात आणि रनर पुढे गेला तरी मागे दात उघडे राहतात. वाटेत असं झालं तर पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, तेवढ्यापुरतं काम चालतं.

खरा घात मात्र पट्ट्यांत होता. चांगल्या बॅगेत उचलायचा पट्टा पोटाखालून सलग फिरतो, म्हणजे भार पट्ट्यावर येतो, कापडावर नाही. नकली बॅगेत तो बाजूला चारेक सेंमी शिवून संपवलेला होता. कापडाखाली जोड नाही, ताण येणाऱ्या जागी दाट आडवी टाचणीही नाही. अशा ठिकाणी धागा तुटत नाही. सुईच्या भोकांच्या ओळीवरून कापड टपाल तिकिटासारखं फाटतं. दोन दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), पिटॉन (खडकाच्या भेगेत ठोकायचे खिळे), हातोडे धरून बॅग सहज २० किलोवर जाते, आणि बसच्या टपावर चढवताना किंवा खेचराच्या पाठीवर लादताना हमाल ती एकाच पट्ट्याने ओढतो. म्हणून २० किलो तांदूळ भरून एका पट्ट्याने दहा झटके द्या. जे फाटायचं ते घरीच फाटेल.

वॉटरप्रूफचा दावा तर शिलाई पाहूनच निकालात निघतो. साध्या शिवणीतून पाणी शिरतंच, म्हणून दोर आणि स्लिंग (पट्ट्यांचे फास) आतल्या ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवेत. हलका पीयू (पॉलीयुरेथेन) थर असेल तर कोकणातल्या दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होऊन सुटतो.

फाटक्या तळाची बॅग केवळ गैरसोयीची नाही, धोक्याची आहे. गाडीच्या डिकीत इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलेली असते, कधी नुसतं सांडलेलं ॲसिड असतं. सल्फ्युरिक ॲसिडने नायलॉनचा दोर वरून काहीही न दिसता कमकुवत होतो. तसा संशय जरी आला तरी तो दोर आरोहणातून बाद करावा.

आता पैसे अडकवण्याची पद्धत. परतीची मुदत सात दिवसांची. तक्रार केली की ‘फोटो पाठवा’, मग ‘नवा पीस पाठवतो’, मग ‘गोदामात विचारतो’, असं करत मुदत संपवतात. त्यानंतर दोनशे रुपये परत देण्याची ऑफर येते आणि त्यासाठी क्यूआर कोड. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावं, खात्यातून पैसे जाणार आहेत. ते गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मालाची तक्रार १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं असतं. ते झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वर्णनाचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या, कारण तक्रार होताच ते पान बदलतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, काट्यावरच्या बॅगेचा फोटो आणि बिल सोबत जोडा. ‘माल निकृष्ट आहे’ असं मोघम लिहिलं की तुमचं मत म्हणून उडवून लावतात. ‘जाहिरातीत ९० लिटर, प्रत्यक्षात लांबी ६० सेंमी, घेर १०४ सेंमी, म्हणजे ५२ लिटर’ असं लिहा आणि टेप लावलेला फोटो द्या.