जांभळ्या ऑक्झॅलिसची कुंडी इथेच बदलून घ्या: रत्नागिरीजवळच्या नर्सरीचा अनुभव

रोप आणि कुंडी हातात दिली की जुन्या मातीचा गोळा तसाच नव्या कुंडीत ठोकायचा, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि पैसे घ्यायचे, हे बहुतेक नर्सऱ्यांचं कुंडी बदलणं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यालगतच्या ह्या घरगुती नर्सरीत तसं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. जांभळ्या पानांची ऑक्झॅलिस घरात असेल आणि उन्हाळ्यात ती माना टाकत असेल, तर टाकून देण्याआधी इथे घेऊन जा.

माझं रोप दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेलं. काळ्या पिशवीत नुसती तांबडी माती ठासून भरलेली होती. आपली जांभ्याची माती उतारावरच्या हापूसला चालते, कारण तिथे पाणी कातळाच्या फटींतून निघून जातं. कुंडीत तीच माती वाळली की कडेने सुटते, पाणी बाजूने वाहून तळाशी जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. पावसात भिजली की उलट, चिखल होऊन बसते. वैशाखाच्या उकाड्यात एकेक देठ आडवा पडत गेला आणि मिरगाच्या आधी कुंडीत सुकलेल्या काड्यांशिवाय काही उरलं नाही. घरच्यांनी सांगितलं, गेलं ते, दुसरं आण.

नर्सरीवाल्या काकांनी कुंडी हातात घेतली, बाजूने चार थापा मारल्या आणि म्हणाले, "मेलेलं नाय हां ताई. झोपलंय. कुंडी बदलायला हीच वेळ बरी."

आणि ते खरंच आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेची, ब्राझीलकडची. पानांत जे असतं त्याहून जास्त ती जमिनीखाली राखून ठेवते. ऊन फार तापलं, पाणी तुटलं किंवा नुसता बहर संपला तरी पानं सोडून देते आणि कंदांवर तग धरते. काही आठवडे विश्रांती झाली की पुन्हा फुटते. ह्या काळात पाणी घालत राहिलं तर कंद कुजतात, आणि रोपं दगावतात ती बहुधा अशीच. काकांनी हे सगळं काम करता करता सांगितलं, व्याख्यान दिल्यासारखं नाही.

गोणपाटावर कुंडी उलटी केली. गोळा खुरपीने फोडला नाही, अंगठ्याने कडेकडेने चुरत गेले. आतून कंद निघाले, बोटाच्या पेराएवढे, गुलाबीसर तपकिरी, अंगावर खवले खवले, सुरूच्या झाडाखाली पडलेल्या बोंडांसारखे. एकेक कंद चिमटीत धरून दाबून बघितला. टणक तो एका करवंटीत, मऊ पडलेला तो बाजूला. दोन-तीन कंदांना खाली जाड, पाणीदार, जवळजवळ पारदर्शक मूळ होतं. मला ती कीड वाटली. "पान्याची सोय आहे ती त्याची," म्हणाले, आणि ती मुळं न तोडता कंदासकट ठेवली. त्याच मातीत आंबुशीही पसरली होती. तीही ऑक्झॅलिसच, पिवळ्या फुलांची, आपल्या प्रत्येक कुंडीत न बोलावता येणारी. तिची पानं बदामी आकाराची असतात, जांभळीची सरळ त्रिकोणी, पण पानं नसताना नुसत्या मुळांवरून ओळखायला सराव लागतो. काकांनी तिचा धागा न् धागा वेचून काढला, कारण तिच्या शेंगा फुटून बी उडतं आणि शेजारच्या सगळ्या कुंड्या भरतात. आपल्याकडचं बिंबलंही ह्याच कुळातलं. आंबटपणा सगळ्यांचा सारखा, तो ऑक्झॅलिक आम्लाचा.

आता मिश्रणाबद्दल, कारण ह्या नर्सरीचं खरं कसब तिथे आहे. पिशवीतलं तयार मिश्रण त्यांनी वापरलं नाही. समोरच कालवलं: एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा, एक भाग चाळलेलं पातेऱ्याचं खत, एक भाग भाताचं भाजलेलं तूस, आणि मूठभर जांभ्याची बारीक खडी. माती हलकी करायला घालतात ते परलाइटचे पांढरे खडे विकत आणायची गरज नाही, तुसाने माती तेवढीच भुसभुशीत राहते आणि ते इथल्या गिरणीत मिळतं. कोकोपीट मात्र त्यांनी आधी बादलीत भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदलून घेतलेलं होतं. सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवलेली असली तर भुशात मीठ राहतं आणि त्याने पानांच्या कडा करपतात. नारळाच्या मुलखात राहून ही गोष्ट मला इतकी वर्षं कुणी सांगितली नव्हती. कोकोपीटची विकतची वीट आणून तशीच भिजवून वापरणाऱ्यांनी एवढं एक तरी करावं.

मला मोठी, निळी, चिनी मातीची कुंडी घ्यायची होती. ती त्यांच्याकडे होती, किंमतही चांगली होती, आणि तरी त्यांनी मला ती ह्या रोपासाठी दिली नाही. एवढ्याशा कंदांभोवती एवढी माती ओली राहिली तर आमच्या पावसात ती महिना महिना वाळत नाही, हे त्यांचं म्हणणं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि हवाही तेव्हा ओलीच. ६ इंची मातीची साधी कुंडी निवडली, बुडाचं भोक कानशीने थोडं मोठं केलं, त्यावर खापराचा तुकडा उपडा ठेवला. अर्ध्याहून जास्त मिश्रण भरून कंद आडवे मांडले, एकमेकांत दोन बोटांचं अंतर, आणि वर साधारण ३ सेंटिमीटर थर. दाबलं नाही, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली तेवढंच. एकदाच बेताचं पाणी घातलं आणि बजावलं, कोंब दिसेपर्यंत पुन्हा घालू नका.

विकायची संधी असताना गिऱ्हाइकाला नको म्हणणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

कोंब आले ते पावसाची पहिली झड ओसरल्यावर. वाकलेल्या मानेने वर येतात, मिटलेली पानं पोटाशी घेऊन, मग देठ सरळ होतो आणि तीन त्रिकोण उलगडतात. नवीन पानाचा रंग जवळजवळ काळा, मध्ये फिकट जांभळा ठसा. गौरी-गणपतीत कुंडी भरून गेली होती आणि वर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके. पाहुण्यांतल्या अर्ध्या बायकांनी कंद मागून ठेवले आहेत. माझी मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसते त्या खिडकीत ती असते. दिवेलागणीला पानं देठाशी दुमडून खाली लवतात आणि सकाळी उघडतात. पानाच्या सांध्यातल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त होऊन हे घडतं, लाजाळूसारखंच, फक्त सावकाश. कडक उन्हातही ती मिटते, म्हणून दुपारी मिटलेली दिसली की जागा बदला, पाणी घालू नका.

जागेबद्दल त्यांचा सल्ला: पूर्वेची खिडकी, समुद्राकडची नाही. पश्चिमेचं ऊन आणि खारा वारा दोन्ही हिला सोसत नाहीत. अंगणात ठेवणार असाल तर पागोळ्यांखाली ठेवू नका. फार अंधारात ठेवली तर देठ लांबट होऊन लोळतात. आणि घरात मांजर किंवा शेळीचं पिल्लू असेल तर त्यांच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, जास्त खाल्ली तर त्यांना बाधते. हे शेवटचं त्यांनी न विचारता सांगितलं.

उणिवाही आहेत. तयार मिश्रणाच्या पिशव्या विकायला ठेवल्या आहेत त्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि समोर कालवतात त्यापेक्षा त्या जड लागतात. ती पिशवी घेऊ नका, ताजं कालवून मागा, देतात. मांडणीवरच्या रोपांना नावाच्या पट्ट्या नाहीत. विकायच्या ऑक्झॅलिसही दुपारच्या उन्हात ठेवलेल्या होत्या, पानांच्या कडा तांबूस झालेल्या. एवढं जाणणाऱ्या माणसाने त्या माडाखाली सरकवाव्यात, मी त्यांना तसं सांगितलंही. मातीच्या कुंड्या एकाच मापात असतात. फोन उचलला जाईल ह्याची खात्री नाही.

मिश्रण, कुंडी आणि काम धरून मला १५० रुपये पडले. तुमची कुंडी नेलीत तर ८० घेतात. दुपारी १ ते ४ बंद. रेंज नसल्यामुळे मोबाइलवरून पैसे जात नाहीत, सुटे घेऊन जा. रोप जुन्या कुंडीसकट न्या, घरी उपटून पिशवीत घालून नेऊ नका, त्यांना गोळा स्वतः फोडायचा असतो. आणि उरलेले टणक कंद ते कागदात गुंडाळून परत देतात, विसरलात तर मागून घ्या.